मावळ्यांचा खोका आणि त्यापुढचा संग्रह

नवरात्र संपलं की महाड-पोलादपूरच्या बाजारात पणत्यांच्या शेजारी मावळे मांडले जातात. कोणाच्या हातात भाला, कोणाच्या ढाल-तलवार, कोणी तुतारी फुंकतोय, कोणी तोफेला बत्ती देतोय. सिंहासनावरचे महाराज सगळ्यांत उंच. त्यांच्याच गर्दीत गवळण, जात्यावर बसलेली बाई, बैलजोडी घेतलेला शेतकरी आणि गुहेत ठेवायचा वाघ. मुलं हे सगळं निवडून घरी नेतात. दगड, विटा आणि चिखलात बुडवलेलं गोणपाट यांचा किल्ला अंगणात उभा राहतो, त्यावर आळीव उगवतं, मावळे जागोजागी पहाऱ्याला लागतात. दिवाळी सरली की किल्ला मोडतो. मावळे मात्र मोडत नाहीत. ते वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात जातात आणि खोका माळ्यावर जातो. पुढच्या वर्षी तो खाली उतरतो, तुटलेला हात चिकटवला जातो, चार नवे मावळे त्यात येतात. थोरल्या भावाचा खोका धाकट्याकडे जातो, मग त्याच्या मुलांकडे.

ऐतिहासिक सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती जमवण्याचा छंद युरोपात दोनशे वर्षांहून जुना आहे. त्याची मंडळं आहेत, लिलाव आहेत, जाडजूड सूचिग्रंथ आहेत. आपल्याकडे तो माळ्यावरच्या या खोक्यात आहे आणि त्याला संग्रह म्हणायचं कोणाला सुचलेलं नाही. या पुस्तकात त्या खोक्याकडे गांभीर्याने पाहायचं ठरवलं आहे. त्यातलं काय जपावं, त्यात काय भर घालावी आणि एवढ्याशा मातीच्या शिपायाकडून इतिहासाचं नेमकं किती काम करून घेता येतं, हा पुढच्या पानांचा विषय.

हे पुस्तक महाड आणि पोलादपूर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं जावं, याला कारण आहे. इतर गावांतली मुलं किल्ला करतात तेव्हा चित्रावरून करतात. इथल्या मुलाला मान वर केली की सह्याद्री दिसतो. महाडहून पाचाडमार्गे रायगड तासाभरात गाठता येतो; पाचाडला जिजाऊसाहेबांची समाधी आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढू लागलं की प्रतापगडाच्या वाटेला लागतो. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ पोलादपूर तालुक्यात आहे आणि त्यांची समाधीही तिथेच. शिवभारत रचणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी खुद्द पोलादपुरात आहे. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं. त्यांत रायगडही आहे आणि प्रतापगडही. एवढं सगळं दाराशी असताना बाजारातल्या मावळ्याच्या हातात कोणतं शस्त्र आहे, त्याच्या अंगावर काय आहे, हे आपण विचारत नाही. ते विचारायला लागणं म्हणजेच या छंदाची सुरुवात.

आधी बाहेरच्या जगाचं थोडक्यात सांगतो. इजिप्तमध्ये असियूतच्या मेसेहती नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात लाकडी सैनिकांच्या दोन तुकड्या सापडल्या: चाळीस इजिप्शियन भालाईत आणि चाळीस न्युबियन धनुर्धारी. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे हे शिपाई आजही रांगेत उभे आहेत. खेळण्यातला सैनिक मात्र खऱ्या अर्थाने अठराव्या शतकात न्यूरेंबर्गला घडला. तिथल्या हिल्पर्ट घराण्याने कथलाचे चपटे शिपाई ओतले आणि ते स्वस्त असल्यामुळे घरोघर गेले. पुढे फ्रान्समध्ये शिशाचे भरीव शिपाई आले. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने पोकळ ओतकामाची युक्ती काढली. साच्यात वितळलेलं शिसं ओतायचं, बाहेरचा थर गोठला की आतलं शिसं पुन्हा ओतून काढायचं. शिसं कमी लागलं, किंमत उतरली आणि ५४ मिलिमीटर उंचीचा शिपाई हे जगभरच्या संग्राहकांचं माप होऊन बसलं. १९६६ नंतर शिशाची जागा प्लास्टिकने घेतली, कारण शिसं मुलांच्या पोटात जाणं घातक आहे हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं.

या इतिहासातली एक गोष्ट मात्र सविस्तर सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. विल्यम सायबोर्न हा ब्रिटिश लष्करातला अधिकारी. १८३० मध्ये त्याच्याकडे वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती करण्याचं काम आलं. तो रणभूमीवरच्या एका शेतघरात आठ महिने राहिला आणि तिथला चढउतार मोजत बसला. लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना त्याने पत्रं लिहिली: संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची पलटण नेमकी कुठे होती, समोर कोण होतं, शेतात पीक कोणतं होतं? उत्तरं आली, शेकड्यांनी आली. १८३८ मध्ये लंडनला ती प्रतिकृती लोकांपुढे आली तेव्हा तिच्यावर सत्तर हजारांहून अधिक इवलेसे सैनिक उभे होते. पण ती पत्रं जुळवताना त्याच्या लक्षात आलं होतं की निर्णायक घटकेला प्रशियाची फौज बरीच पुढे आली होती. ब्रिटिशांचा सेनापती वेलिंग्टन याला हे रुचलं नाही, कारण विजयाचं श्रेय त्यामुळे वाटलं जात होतं. शेवटी सायबोर्नला प्रतिकृतीवरचे हजारो प्रशियन सैनिक उचलावे लागले. बोटाच्या पेराएवढ्या शिपायांची जागा बदलली म्हणून एका सेनापतीला राग येतो! छोटा सैनिक कुठे उभा करायचा हा प्रश्न इतका मोठा असू शकतो. ती प्रतिकृती आज लंडनच्या राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात आहे.

आता घरी येऊ. लहान आकाराचा योद्धा घडवून जपणं ही आपल्याला परकी गोष्ट मुळीच नाही. गावाच्या वेशीवर किंवा देवळाच्या आवारात उभा असलेला वीरगळ पाहा. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा. लढाईच्या चौकटीतले घोडेस्वार आणि ढालाईत जेमतेम वीतभर असतात. ज्याच्यासाठी तो दगड उभारला त्याचं नाव बहुतेक ठिकाणी विसरलं गेलं आहे, पण त्याची तलवार, त्याची ढाल, घोड्याचं खोगीर दगडात शाबूत आहे. देव्हाऱ्यात टाक असतात, त्यांत घराण्यातल्या लढून पडलेल्या पूर्वजाचा, वीराचा टाकही असतो. नाशिकला धुळवडीच्या दिवशी असे वीर मिरवत नेतात. खंडोबाला धातूचा घोडा वाहण्याची चाल तर सगळ्यांच्या ओळखीची. म्हणजे आपल्याकडे छोटा सैनिक आधी पूजेत आला आणि नंतर खेळात. त्यामुळे तो जपण्याची जबाबदारी आपल्याला जास्तच कळायला हवी, असं मला वाटतं.

वीरगळ आणि दिवाळीचा किल्ला यांच्यात आणखी एक नातं आहे. वीरगळावर वीर मोठा कोरलेला असतो आणि शत्रू लहान. मुलांच्या किल्ल्यावरही महाराज मावळ्यांच्या दुप्पट असतात आणि मावळे दरवाजापेक्षा उंच. मापाचा काटेकोर विचार करणारा संग्राहक याला नावं ठेवील. पण ५४ मिलिमीटरचा शिपाई म्हणजे खऱ्या माणसाचा बत्तिसावा भाग. त्याच मापाने ८२० मीटर उंचीचा रायगड करायचा तर तो पंचवीस मीटरांहून उंच होईल. अंगणात ते शक्य नाही, म्हणून किल्ला एका मापाचा आणि शिपाई दुसऱ्या मापाचे ही तडजोड अटळ आहे. मुलं ती तडजोड आदराच्या मापाने करतात आणि मला ती पूर्ण मान्य आहे. संग्रहासाठी मांडणी करताना मात्र किल्ल्याचा एकच कोपरा निवडावा: एक बुरूज, एक चोरदरवाजा, एखादं टाकं. तेवढा भाग शिपायांच्या मापाने नीट करता येतो.

खरा कस लागतो तो मावळ्याच्या पेहरावात. साच्यातल्या मावळ्याला गुडघ्याखाली येणारा अंगरखा, चुस्त सुरवार आणि भगवं मुंडासं असतं, आणि सगळे मावळे सारखे असतात. शिवकालीन पायदळाला गणवेश नव्हता. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात त्या पायदळाचा पेहराव सांगितला आहे: अर्ध्या मांडीपर्यंत येणारी तोकडी चड्डी, कमरेला घट्ट पट्टा, डोक्याला पागोटं, कधी अंगात सुती बंडी. डफ दीडशे वर्षांनी लिहीत होता, त्यामुळे त्याच्यावर सगळी भिस्त ठेवू नये. पण घाटवाटा चढणाऱ्या माणसाचा पेहराव म्हणून तो पटतो. समकालीन चित्रात पाहायचं तर इटालियन प्रवासी मनुचीने मीर महंमद नावाच्या चित्रकाराकडून काढवून घेतलेलं महाराजांचं चित्र आहे. ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि त्याच्या छापील प्रती आपल्याकडे सहज मिळतात. घोड्यावर महाराज आणि भोवती पायी चालणारे हत्यारबंद लोक. आपण नेहमी घोड्यावरच्या आकृतीकडे पाहतो. मावळे रंगवणाऱ्याने भोवतीच्या माणसांकडे पाहावं.

शस्त्रांचंही तसंच. भाला आणि ढाल-तलवार साच्यात असतात. दांडपट्टा क्वचित, दोरीने परत ओढायचा भाला म्हणजे विटा त्याहून क्वचित आणि तोड्याची बंदूक जवळपास नाहीच. महाराजांच्या पायदळात कोकणातले हेटकरी होते आणि नेमबाजीबद्दल त्यांचं नाव होतं. कोकणच्या बाजारात कोकणातलाच बंदूकधारी मिळू नये, ही उणीव मला फार बोचते. एक हेटकरी घडवून घ्यावा: हातात लांब नळीची बंदूक, मनगटाजवळ धुमसता तोडा, कमरेला दारूचं शिंग. अशा एकाच आकृतीने किल्ल्यावरची मांडणी बदलते, कारण मग तटातल्या जंग्यांना, म्हणजे बंदुका रोखायच्या भोकांना, अर्थ येतो.

तानाजींची मूर्ती करायची तर सभासदाची बखर उघडावी. कृष्णाजी अनंत सभासद सांगतो की कोंढाण्यावर रात्री लढताना तानाजींची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्यांनी डाव्या हाताचीच ढाल केली. बाजारातल्या बहुतेक तानाजींच्या हातात अखंड ढाल असते. उमरठच्या मुलांनी तरी आपल्या तानाजीच्या हातातली ढाल काढून घ्यावी आणि तो रिकामा हात पुढे करावा. दोन इंचांच्या मातीत त्या रात्रीचं सगळं येईल.

प्रतापगडाचा प्रसंग नवख्या संग्राहकाला सगळ्यांत सोपा, कारण माणसं मोजकी. १० नोव्हेंबर १६५९. गडाखाली शामियाना, आत महाराज आणि आदिलशाही सरदार अफझलखान, प्रत्येकाचे निवडक दहा अंगरक्षक अंतर राखून. महाराजांबरोबरच्या माणसांची नावं शिवभारतात दिली आहेत, तेव्हा एकेका आकृतीला नाव देता येतं. जिवा महाला आणि खानाकडचा सय्यद बंडा तेवढे सगळ्यांना माहीत; बाकीच्यांची ओळख करून घ्यायला असं निमित्त दुसरं नाही. मांडणीत खानाच्या माणसांनाही तितक्याच काळजीने रंगवावं. आदिलशाही शिपायाचं चिलखत आणि जिरेटोप बिनचूक केला तरच समोर काय उभं ठाकलं होतं हे पाहणाऱ्याला समजतं.

घोडदळ जमवणाऱ्यांसाठी सभासदाने तर यादीच लिहून ठेवली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्या पंचविसांमागे एक पखाली आणि एक नालबंद. असे पाच हवालदार मिळून एक जुमला. घोडेस्वार सगळे जमवतात. पाण्याची पखाल वाहणारा आणि घोड्याचा खूर मांडीवर घेऊन नाल ठोकणारा कोणी जमवत नाही. पण नाल नसलेला घोडा घाट उतरत नाही आणि तहानलेला घोडा धावत नाही. माझ्या मते ज्या संग्रहात पखाली आणि नालबंद आहेत तोच संग्रह फौजेचा, बाकीचे मिरवणुकीचे. मातीच्या घोड्याची अडचण मला ठाऊक आहे. पाय बारीक केले तर वाळतानाच तडकतात, म्हणून कुंभार पोटाखाली आधार ठेवतो आणि घोडा ठोकळ्यासारखा होतो. त्याला इलाज असा की घोडा उभाच करायचा नाही: नालबंदापाशी बसवलेला किंवा गवतात तोंड घातलेला करायचा. गवतात आधार लपतो.

या खोऱ्याची सैनिकी कहाणी शिवकाळाशी संपत नाही, आणि संग्रहही तिथे संपू नये. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर ब्रिटिशांच्या मुंबई फौजेत होते. १८८६ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली आणि १८९५ मध्ये ते महाडच्या तालुका लोकल बोर्डाचे सभासद झाले. त्याच दशकाच्या आरंभी महारांची लष्करभरती बंद करण्यात आली होती, कारण लढवय्या जातींच्या नव्या सिद्धांतात सरकारने त्यांना बसवलं नाही. नेमक्या त्याच वर्षांत लंडनला ब्रिटनचे पोकळ शिपाई खपू लागले होते आणि त्यांच्या खोक्यांत फेटेवाले, भालेवाले बंगाल लान्सर्स होते. पिढ्यान्‌पिढ्या मुंबई फौजेत लढलेला कोकणातला महार शिपाई सरकारने भरतीतून काढला आणि खेळण्यांच्या खोक्यात तर तो कधी फारसा आलाच नाही. चवदार तळ्याच्या गावातल्या संग्रहात त्या शिपायाची जागा रिकामी राहू नये. लाल कोट, पांढरे आडवे पट्टे, हातात संगीन लावलेली बंदूक: ही आकृती घडवणं अवघड नाही, आणि तळ्याच्या पाण्यासाठी झालेल्या १९२७ च्या सत्याग्रहामागे निवृत्त फौजी माणसांच्या पिढ्या होत्या हे ती आकृती पाहताना आठवेल.

महाड तालुक्यातल्या आंबवडे गावाला लोक फौजी आंबवडे म्हणतात, कारण तिथे घरोघर लष्करी नोकरीची परंपरा आहे. शेजारच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे मराठा पलटणीतून दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मशीनगनच्या माऱ्यात मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले, हातबाँब टाकून मशीनगन बंद पाडली, गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्यांना लोळवलं आणि मग लपलेल्या नेमबाजाच्या गोळीने पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय बावीस. ५४ मिलिमीटरमध्ये हा प्रसंग करणारा कोणी रायगड जिल्ह्यातून पुढे यावा, अशी माझी इच्छा आहे.

साहित्य आणि हवामान यांविषयी थोडं सांगायलाच हवं. कच्च्या मातीचा मावळा महाडच्या पावसाळ्यात ओल धरतो. आव्यात भाजलेला टिकतो, पण रंग पोपडतो. प्लास्टर ऑफ पॅरिसचा दिसायला रेखीव, दमट हवेत मात्र कडा झडतात. प्लास्टिकचे नवे मावळे पडले तरी फुटत नाहीत आणि त्यांचे भाले बारीक करता येतात. त्यांना कमी लेखू नये. कोणाच्या घरी जुने शिशाचे शिपाई असतील तर ते मुलांच्या हाती देऊ नयेत आणि लाकडी पेटीत कोंडून ठेवू नयेत. लाकडातून निघणाऱ्या आम्ल वाफेने शिशावर राखाडी भुकटी येते आणि शिपाई आतून खचतो. आणि पुराचं वेगळं सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला महाडात पाणी शिरलं त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. माणसं गेली तिथे खेळण्यांचं दुःख कोणी बोलून दाखवलं नाही, ते योग्यच होतं. पण त्या पुरात घराघरांतले फोटो, कागदपत्रं आणि हे खोकेही गेले. म्हणून संग्रह नेहमी वरच्या मजल्यावर, झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवावा आणि प्रत्येक आकृतीचे समोरून व मागून फोटो दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे असू द्यावेत.

नोंदवही हा संग्रहाचा अर्धा भाग आहे. मावळा कोणत्या बाजारात घेतला, कोणी घडवला, साचा कुठला, केवढ्याला मिळाला, रंग कोणी बदलला. कुंभाराकडे आजोबांच्या वेळचा साचा असेल तर त्याचा एक ठसा मागून घ्यावा आणि त्याचे रास्त पैसे द्यावेत. गणेशमूर्तींसाठी जगभर ओळखलं जाणारं पेण याच जिल्ह्यात आहे. साच्याचं आणि रंगकामाचं इतकं कसब दुसरीकडे सापडणं कठीण. संग्राहकांनी नेमकी मागणी केली, हेटकरी हवा, पखाली हवा, असं चित्रासह सांगितलं, तर तो घडवणारे हात जवळच आहेत.

पुढच्या प्रकरणांत साचे, रंग, पेहराव आणि मांडणी यांची माहिती क्रमाने येईल. ती वाचण्याआधी वाचकांनी एक काम करावं. माळ्यावरचा खोका खाली काढावा, त्यातल्या प्रत्येक मावळ्याच्या बैठकीखाली पेन्सिलीने साल आणि गाव लिहावं, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल तर घडवणाऱ्या कुंभाराचं नावही लिहावं. यंदाच्या दिवाळीत नवे मावळे घ्याल तेव्हा प्रत्येक प्रकारचा एक जास्तीचा घ्या आणि तो किल्ल्यावर न मांडता बाजूला ठेवा.